लाटांवरचा पाळणा

बालमित्रांनो, नकाशावही आहे ना जवळ? मग उघडा पाहू उत्तर अमेरिकेचं पान. वरच्या बाजूला पसरलेला मोठा देश म्हणजे कॅनडा. आता बोट हळूहळू उजवीकडे, अटलांटिक महासागराच्या बाजूला न्या. तिथे एका आखाताच्या कुशीत चंद्रकोरीसारखं वाकलेलं एक लहानसं बेट दिसेल. नकाशावही छोटी असेल तर ते बेट कदाचित तुमच्या बोटाखालीच झाकलं जाईल! या बेटाचं नाव प्रिन्स एडवर्ड आयलंड.

हे नाव इंग्रजांनी १७९९ साली दिलं, आपल्या एका राजपुत्रावरून. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे मिकमॉ नावाचे लोक राहतात. त्यांनी बेटाला दिलेल्या नावाचा अर्थ मोठा गोड आहे. लाटांवर पाळण्यासारखं पहुडलेलं! आहे की नाही छान?

हा पाळणा आहे तरी केवढा? सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर. आपलं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे हे बेट साधारण दीड गोवा. लांबी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र कुठे कुठे अवघी सहा किलोमीटर. बेटावर कुठेही उभे राहा, समुद्र सोळा किलोमीटरपेक्षा लांब नाही. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १ लाख ५४ हजार ३३१. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात याहून जास्त माणसं असतात. पण हा कॅनडाचा एक पूर्ण प्रांत आहे बरं का! त्याची स्वतःची विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, राजधानी आहे. राजधानीचं नाव शार्लटटाऊन. कॅनडाच्या दहा प्रांतांत सर्वांत लहान प्रांत तो हाच.

माती लालभडक, शेतात बटाटे, किनाऱ्याला मासेमारी. इतकं वाचलं की वाटतं, काय सुखी जागा आहे! पण मुलांनो, बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी. तिथल्या घरात दिवा लागतो तो कशावर? पत्र बाहेर जातं कसं? पलीकडच्या शहरात जायचं तर वाट कुठली? पाळणा हलता राहायला दोऱ्या लागतात ना, तशा या बेटालाही दोऱ्या लागतात. आज आपण त्या दोऱ्यांची सफर करू या.

एक वचन

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये नॉर्थंबरलँड नावाची सामुद्रधुनी आहे. जिथे ती सर्वांत अरुंद आहे तिथे दोन्ही किनाऱ्यांत सुमारे १३ किलोमीटर अंतर. उन्हाळ्यात जहाजानं सहज पार करावं एवढंच. पण थंडी आली की चित्र पालटतं. जानेवारी ते एप्रिल ही सामुद्रधुनी बर्फानं भरून जाते. तुम्ही म्हणाल, मग सोपंच झालं, चालत जायचं! तसं नाही हो. भरती-ओहोटी आणि वारा यांच्या जोरानं हा बर्फ सारखा सरकत असतो. त्याचे तुकडे एकमेकांवर चढतात, मध्येच फटी पडतात, फटींत पाणी दिसतं. चालायला जावं तर पाणी, होडी घालावी तर बर्फ!

१८६४ साली शार्लटटाऊनमध्ये एक बैठक भरली होती. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या तिथल्या वसाहतींनी एकत्र येऊन एक देश करावा का, याची पहिली चर्चा या बेटावरच झाली. गंमत पाहा, १८६७ मध्ये कॅनडा देश झाला तेव्हा बेट मात्र त्यात सामील झालं नाही. ते आलं सहा वर्षांनी, १ जुलै १८७३ रोजी, सातवा प्रांत म्हणून. येताना त्यानं अटी घातल्या. त्यांतली एक अट अशी की, बेट आणि मुख्य भूमी यांच्यात टपाल आणि प्रवासी नेणारी वाफेच्या जहाजाची चांगली सेवा केंद्र सरकारनं चालवावी, तीही हिवाळा-उन्हाळा, बारा महिने.

सरकारनं वचन दिलं. वचन देणं सोपं असतं, मुलांनो. समुद्रातल्या बर्फाला ते ठाऊक नव्हतं!

बर्फावरच्या होड्या

सरकारनं 'नॉर्दर्न लाइट' नावाचं जहाज १८७६ मध्ये आणलं. बर्फ फोडत जावं म्हणून ते बांधलेलं होतं. पण जाडजूड बर्फापुढे त्याची डाळ शिजेना. ते मध्येच अडकून पडायचं. मग टपाल न्यायचं कुणी? तर बर्फहोड्यांनी.

माझ्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, ही होडी पाण्यातून जाते की बर्फावरून?" उत्तर आहे, दोन्हींवरून! ही होडी पाचेक मीटर लांबीची, तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेली. पाणी लागलं की वल्हवायची, बर्फ लागला की सगळ्यांनी उतरून ती ओढायची. होडीच्या दोन्ही बाजूंना चामड्याचे पट्टे बांधलेले असत. ते प्रत्येकानं अंगाभोवती अडकवायचे. का, सांगा पाहू? ओढण्यासाठी तर खरंच, पण पायाखालचा बर्फ अचानक फुटला तर माणूस पाण्यात बुडू नये, पट्ट्याला लटकून राहावा म्हणूनही. आणखी एक तऱ्हा ऐका. जो प्रवासी होडी ओढायला हात लावी, त्याला भाडं कमी. जो शालीत गुरफटून आत बसून राही, त्याला जास्त!

हवा चांगली असली तर तीन-चार तासांत पलीकडे. पण हवा बिघडली तर? जानेवारी १८८५ मध्ये तसंच झालं. तीन होड्या निघाल्या आणि हिमवादळात सापडल्या. किनारा दिसेना, दिशा कळेना. रात्र बर्फावरच काढावी लागली. ऊब मिळावी म्हणून शेवटी एक होडी फोडून तिची लाकडं जाळली. कित्येकांचे हातपाय थंडीनं कायमचे अधू झाले. त्यानंतर नियम कडक झाले. प्रत्येक होडीत होकायंत्र आणि खाण्याचं सामान हवंच, असं ठरलं.

आता सांगा, देशाच्या राजधानीत कागदावर 'बारा महिने सेवा' लिहिलेलं असेल, पण टपालाच्या थैल्या अशा माणसांच्या खांद्यावरून जात असतील, तर बेटावरच्या लोकांना राग येणार नाही का? आला. १८८६ मध्ये त्यांनी थेट लंडनला, राणी व्हिक्टोरियाकडे गाऱ्हाणं नेलं. पुढे 'स्टॅनले' आणि 'मिंटो' ही आणखी दणकट जहाजं आली. वचन पुरतं पाळलं नाही म्हणून १९०१ पासून केंद्र सरकारला बेटाला दरवर्षी भरपाईही द्यावी लागली. इवलासा प्रांत, पण हक्क सोडायला तयार नाही!

बर्फहोड्या बंद झाल्या त्या १९१७ मध्ये. त्या वर्षी एक नवी मोठी बोट नियमित धावू लागली. ही बोट बर्फ फोडत जायची आणि आगगाडीचे डबेच्या डबे पोटात घेऊन पलीकडे न्यायची.

वळणं घेत चालली आगगाडी

आगगाडीचा विषय निघालाच आहे तर तिचीही गोष्ट ऐका. बेटावर १८७१ साली रेल्वेचं काम सुरू झालं. कंत्राटदाराला पैसे मिळणार होते मैलाच्या हिशोबानं. एकूण मैल किती, ते मात्र पक्कं केलेलं नव्हतं. मग काय विचारता! टेकडी आली की खोदायची कशाला, वळसा घाला. खर्चही वाचला आणि मैलही वाढले. शिवाय प्रत्येक पुढाऱ्याला वाटे, स्टेशन आमच्याच गावात हवं. त्यामुळे रूळ असे वळत वळत गेले की जणू सापच! बेटावर कर्जाचा डोंगर झाला. कॅनडात सामील होण्याचं एक मोठं कारण हे कर्जच होतं. कॅनडानं ते आपल्या शिरावर घेतलं.

पुढे शंभरेक वर्षं ही गाडी बटाटे, टपाल आणि माणसं वाहत राहिली. मोटारी आणि ट्रक वाढले तशी तिची गरज कमी झाली, आणि १९८९ च्या शेवटच्या दिवशी बेटावरची रेल्वे बंद झाली. रूळ उखडले, पण वाट मोडली नाही. त्या वाटेवर आता चालण्याचा आणि सायकलचा मार्ग आहे. पश्चिमेच्या टिग्निशपासून पूर्वेच्या एल्मायरापर्यंत २७३ किलोमीटर, आणि फाटे धरून चारशेहून जास्त. कंत्राटदारानं घातलेली ती वळणं आता सायकलवाल्यांना आवडतात. टेकड्या टाळल्यामुळे चढच नाही ना!

तार, टपाल आणि स्वयंपाकघरातलं पोस्ट

माणसांना पलीकडे जाणं एवढं कठीण होतं, पण निरोप मात्र फार लवकर जाऊ लागला. १८५२ साली फ्रेडरिक गिसबोर्न या अभियंत्यानं सामुद्रधुनीच्या तळावर तारायंत्राची तार टाकली आणि बेट मुख्य भूमीला जोडलं. उत्तर अमेरिकेत समुद्राखालून टाकलेली ही पहिली तार. अटलांटिक महासागराखालून युरोप आणि अमेरिका जोडणारी टिकाऊ तार आली ती त्यानंतर चौदा वर्षांनी, १८६६ मध्ये. म्हणजे मोठा धडा गिरवण्याआधी पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते या बेटासाठी!

टपालाचीही एक खरी गोष्ट आहे. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कॅव्हेंडिश नावाचं खेडं आहे. तिथे ल्यूसी मॉड माँटगोमेरी नावाची मुलगी आजी-आजोबांकडे वाढली. गावचं पोस्ट त्यांच्या घरातच, स्वयंपाकघरात चालायचं. आजोबा गेल्यावर ती आजीला पोस्टाच्या कामात मदत करी. ल्यूसीला लिहायची भारी हौस. ती गोष्टी लिहून गुपचूप टपालानं मासिकांना पाठवी. कित्येक गोष्टी साभार परत येत. पण परत आलेली पाकिटं तिच्याच हातात पडत, त्यामुळे गावात कुणाला पत्ता लागत नसे, कुणी हसत नसे. पुढे तिनं लिहिलंय की, पोस्ट घरात नसतं तर पुन्हा पुन्हा पाठवायचा धीर आपल्याला झालाच नसता.

तिची एक कादंबरी अशीच अनेक प्रकाशकांकडून परत आली. तिनं ती बरेच दिवस बाजूला ठेवून दिली, मग पुन्हा पाठवली. १९०८ मध्ये ती छापून आली. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' तिचं नाव. आज जगभरातली मुलं ती वाचतात आणि ते बेट पाहायला जातात. तुमचा निबंध किंवा कविता कुठून परत आली तर हे पोस्ट आठवा!

मोटारींना बंदी

कॅनडात अगदी आधी ज्या मोटारी आल्या, त्यांतली एक याच बेटावर आली होती. १८६६ साली रस्टिको गावच्या फादर बेलकूर यांनी अमेरिकेतून वाफेवर चालणारी गाडी मागवली. आणि याच बेटानं १९०८ मध्ये कायदा करून मोटारींना रस्त्यावर यायला बंदी घातली! मोटारीच्या आवाजानं घोडे बुजत, गाड्या उलटत, बाजाराला आणि चर्चला निघालेली माणसं घाबरत. १९१३ नंतर आठवड्यातले काही ठरावीक दिवस मोटार चालवायला परवानगी मिळाली. पूर्ण मोकळीक मिळाली ती १९१९ मध्ये.

आणखी एक. १९२४ पर्यंत तिथली वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालत. १ मे १९२४ पासून ती उजव्या बाजूला गेली.

रस्ते बांधायचे म्हटलं तरी अडचण होतीच. बेटाचा खडक म्हणजे लाल, मऊ वालुकाश्म. हातोडीनं भुगा होणारा. डांबरी रस्त्याला लागणारी टणक खडी बेटावर मिळतच नाही, ती समुद्रापलीकडून आणावी लागते. जुने लाल मातीचे काही रस्ते अजून आहेत. त्यांतले सुंदर रस्ते मुद्दाम तसेच जपून ठेवले आहेत.

पूल हवा की नको?

बोटी सुधारल्या तरी बोट ती बोटच. रांग लावा, वाट पाहा, वादळ आलं तर परत जा. मग पूल का बांधू नये? हा विचार फार जुना. कुणी म्हणे बोगदा खणा, कुणी म्हणे भराव टाका. होता होता १८ जानेवारी १९८८ रोजी बेटावरच्या लोकांचं मतदान घेतलं.

तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी 'हो'च म्हटलं असेल. नाही. साधारण शंभरातल्या साठांनी 'हो' म्हटलं आणि चाळिसांनी 'नको'. नको म्हणणारे काही वेडे नव्हते. कोळी म्हणाले, पुलाचे खांब बर्फ अडवून धरतील. मग वसंतात बर्फ उशिरा निघेल, पाणी थंड राहील आणि आमचे शेवंडे, मासे यांचं काय होईल? बोटींवर काम करणारी शेकडो माणसं म्हणाली, आमची नोकरी जाईल. आणि काही जण म्हणाले, पूल झाला की आमचं बेट बेट राहील का? तिथला निवांतपणा, ओळखीपाळखीचं जगणं टिकेल का?

दुसरी बाजू म्हणाली, शेतमाल वेळेवर पोचेल, पाहुणे येतील, मुलांना शिकायला आणि आजाऱ्यांना दवाखान्यात जाता येईल. दोन्हीकडच्या म्हणण्यात खरेपणा होता. तुम्ही तिथे असता तर कुठे मत दिलं असतं? जरा थांबून विचार करा, मग पुढे वाचा.

पूल करायचं ठरलं. पण कोळ्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडलं नाही. पुलामुळे बर्फ निघून जायला फारसा उशीर होता कामा नये, अशी अटच अभियंत्यांना घातली. आणि १८७३ च्या वचनात 'जहाज' लिहिलेलं होतं, त्यामुळे जहाजाऐवजी पूल चालेल असं करण्यासाठी कॅनडाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली!

बर्फाला मोडणारा पूल

१९९३ मध्ये काम सुरू झालं. हिवाळ्यात समुद्रात काम करणं अशक्यच. म्हणून पुलाचे अवाढव्य भाग किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये ओतले आणि 'स्वानेन' नावाच्या तरंगत्या यारीनं उचलून समुद्रात नेऊन बसवले. यारी म्हणजे क्रेन. एकेक मुख्य तुळई १९२ मीटर लांब आणि सुमारे साडेसात हजार टन वजनाची! दोन मुख्य खांबांमधलं अंतर २५० मीटर. अंतर एवढं मोठं ठेवलं की खांब कमी लागतात आणि बर्फ अडायला जागा कमी राहते.

पण खरी युक्ती आहे खांबांच्या आकारात. हातात एक खडू घ्या. दोन्ही टोकांकडून सरळ दाबा. मोडतो का? सहसा नाही. आता वाकवा. टचकन मोडला ना? बर्फाचंही तसंच. त्याला चिरडायला प्रचंड जोर लागतो, पण वाकवलं की तो चटकन मोडतो. म्हणून पाण्याच्या पातळीवर प्रत्येक मुख्य खांबाला शंकूच्या आकाराचा काँक्रीटचा घागरा घातला आहे. सरकत आलेला बर्फाचा थर त्या उतारावर चढतो, वर चढताना वाकतो आणि स्वतःच्याच वजनानं मोडून पडतो. बर्फाशी कुस्ती नाही, नुसता पेच!

३१ मे १९९७ रोजी पूल खुला झाला. नाव कॉन्फेडरेशन ब्रिज, लांबी १२.९ किलोमीटर. आपल्या मुंबईचा अटल सेतू याहून लांब आहे, पण त्याच्या खांबांवर बर्फ येऊन आदळत नाही. गोठणाऱ्या पाण्यावरचा जगातला सर्वांत लांब पूल म्हणजे हाच. तो सरळ नाही, मुद्दाम वळणदार केलाय. सरळ रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, वळण असलं की लक्ष राहतं. पायी किंवा सायकलनं जायला मात्र मनाई. सायकलवाल्यांना त्यांच्या सायकलीसह गाडीत घालून पलीकडे सोडतात. फार जोराचा वारा सुटला तर उंच ट्रकांना थांबवतात. मोटारीनं दहा-बारा मिनिटांत पलीकडे! आणि त्याच दिवशी बोर्डनची ती जुनी बोटसेवा कायमची थांबली. वूड आयलंड्स इथून नोव्हा स्कोशियाला जाणारी बोट मात्र अजून वसंत ते डिसेंबर चालते.

पुलाचा टोल घेण्याची रीतही निराळी. बेटावर येताना काही द्यावं लागत नाही, टोल घेतात तो बेट सोडताना. हा टोल वाढत वाढत ५० डॉलरच्या वर गेला होता. बेटवासी म्हणत, "आमचा रस्ता म्हणजे देशाचाच रस्ता, मग एवढे पैसे आम्हीच का मोजायचे?" शेवटी ऑगस्ट २०२५ पासून मोटारीचा टोल २० डॉलर केला गेला. पाहिलंत? १८७३ च्या वचनाचा हिशोब अजून चालूच आहे.

तारेतली वीज, वाऱ्यातली वीज

आता दिव्याकडे वळू. बेटावर कोळसा नाही, धरण बांधावं अशी मोठी नदी नाही, उंच डोंगर नाहीत. पूर्वी वीज व्हायची ती बाहेरून आणलेलं तेल जाळून. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले आणि बेटावरचे लोक विजेच्या बिलानं हैराण झाले. मग १९७७ मध्ये सामुद्रधुनीच्या तळातून विजेच्या दोन केबल टाकल्या आणि पलीकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातून वीज आणली. २०१७ मध्ये आणखी दोन जाड केबल टाकल्या. आपल्या मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरही २०१८ मध्ये अशीच समुद्राखालून केबल टाकून वीज आली, ते तुमच्या आई-बाबांना आठवत असेल.

पण सगळं बाहेरूनच आणायचं का? बेटाकडे एक गोष्ट मुबलक आहे. वारा! नॉर्थ केप या टोकावर १९८० च्या सुमारास पवनचक्क्यांची चाचणी करणारं केंद्र निघालं. २००१ मध्ये तिथेच वीज विकणाऱ्या पवनचक्क्या फिरू लागल्या. आता बेटाच्या विजेच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा बेटावरचा वारा भागवतो.

तरी वारा हा मित्र तसाच शत्रूही. २४ सप्टेंबर २०२२ रोजी फिओना नावाचं वादळ बेटावर आदळलं. झाडं विजेच्या तारांवर कोसळली, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या समुद्रानं खाल्ल्या. जवळजवळ सगळं बेट अंधारात गेलं. काही घरांत दिवा लागायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. समुद्राखालच्या केबल होत्या, पवनचक्क्या होत्या, पण गल्लीतल्या खांबावरची तार तुटली की घरात अंधारच. शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडला तो अशा वेळी.

पाण्याला पूल नाही

रस्त्याला पूल आला, विजेला केबल आली. पाण्याचं काय? पिण्याच्या पाण्यासाठी हे बेट पूर्णपणे भूजलावर, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यावर अवलंबून आहे. पाऊस आणि वितळलेला बर्फ लाल वालुकाश्माच्या फटींतून खाली झिरपतो आणि तेच पाणी विहिरींतून वर येतं. शहरालाही तेच आणि खेड्यातल्या घरालाही तेच.

आता मघाचे बटाटे आठवा. कॅनडात पिकणाऱ्या बटाट्यांतला मोठा वाटा या इवल्या बेटाचा असतो. बटाट्याला खत लागतं. जास्तीचं खत पावसाबरोबर झिरपलं की नायट्रेट नावाचं द्रव्य विहिरीच्या पाण्यात उतरतं आणि पाणी बिघडतं. ज्या शेतानं पोट भरायचं, त्याच शेतामुळे तहान अवघड व्हायची! शिवाय मोठमोठे पंप लावून फार पाणी उपसलं तर? म्हणून २००२ मध्ये शेतासाठी नव्या मोठ्या विहिरी खणायला सरकारनं मनाई केली. त्यावरून शेतकरी आणि इतर लोक यांच्यात वर्षानुवर्षं वाद झाले. २०२१ मध्ये पाण्याचा नवा कायदा लागू झाला, आणि कुणी किती पाणी घ्यायचं याचे नियम ठरले.

या वादात दोन्हीकडे गरजू माणसंच आहेत. दुष्काळात पीक करपताना पाहणारा शेतकरी खोटा नाही, आणि नळाचं पाणी तपासून घेणारी आईसुद्धा खोटी नाही. पण एक गोष्ट दोघांनाही ठाऊक आहे. रस्ता तुटला तर बोट काढता येईल, वीज गेली तर कंदील लावता येईल. जमिनीखालचं पाणी बिघडलं तर ते कुठल्या पुलावरून आणणार?

आता तुमची पाळी

तर मुलांनो, बेटाची सफर झाली. आता वही घ्या आणि आपल्या गावाकडे किंवा मोहल्ल्याकडे पाहा. तुमच्याकडे समुद्र नसेल, पण तुमच्याही गावाला दोऱ्या आहेतच.

१. तुमच्या घरात दिवा लागतो ती वीज कुठल्या केंद्रातून येते? घराजवळचं रोहित्र कुठे आहे, ते मोठ्या माणसांना विचारून लांबूनच पाहा. हात लावायचा नाही!

२. तुमच्या नळाचं पाणी कुठल्या विहिरीतलं, तलावातलं की धरणातलं? वाटेत ते कुठे कुठे बिघडू शकतं?

३. गावचा रस्ता किंवा पूल कुठल्या साली झाला? त्याआधी आजी-आजोबा पावसाळ्यात बाजाराला आणि दवाखान्यात कसे जात? त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

४. या दोऱ्यांपैकी एखादी आठवडाभर तुटली, तर सर्वांत आधी कुणाची अडचण होईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी लिहा, आणि लिहून झालं की ज्यांचं नाव वहीत आलं असेल, त्यांच्या घरी एकदा जाऊन या.